काहिलीत आणखी एक

स्मृतिचित्रण प्रयोगशाळेत एकच कडक नियम होता: चित्रण चालू असताना रुग्णाजवळ कोणी नको. हेमांगीने तो दोनदा मोडला होता आणि आता तिसऱ्यांदा मोडत होती.

तिचाही नाइलाज होता. स्मृतिग्राहक टोप डोक्यावर चढला की बापू उठून पळू बघत. कोणी हात धरला तरच बसत. धरणारी आपली पोटची मुलगी आहे, हे मात्र ते आठ महिन्यांपूर्वीच विसरले होते. तिला 'अहो बाई' म्हणत. लघुपट करणाऱ्या हेमांगीला त्यांची शेवटची शाबूत आठवण पडद्यावर जपायची होती: सातव्या वर्षी, कृष्णेच्या पुरातून, गूळ आटवायच्या भल्यामोठ्या काहिलीत बसून केलेला प्रवास. ती गेली की बापूच गेले, असं तिला वाटे. पहिली दोन चित्रणं धूसर आली होती.

"मॅडम, आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे," डॉ. झुबेर पटवेकर वैतागून म्हणाले. "काढली की मेंदू ती उसवतो आणि नव्याने शिवतो. त्या वेळी जवळ जे असेल तेही टाक्यात अडकतं. म्हणून रुग्णाजवळ कोणी नको."

"मग तुम्ही धरा त्यांचा हात!"

तिने बापूंचा हात धरताच डॉक्टरांनी टोप चढवला. त्यांनी यंत्र सुरू केलं.

पडद्यावर गढूळ पाणी आलं. पोहणारे गडी काहील ढकलत होते. आत चड्डीतला एक पोरगा, आणि त्याचा हात धरून बसलेली, चष्मा लावलेली, पन्नाशीची हेमांगी.

"घ्या! मुलगी बापाच्या आधी जन्मली," डॉक्टर म्हणाले.

बापूंपाशी उरलेली एकुलती एक आठवण हेमांगीनेच नासवली होती.

टोप निघाला. बापूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू व्हय! पोचलीस न्हवं नीट? हात सोडला न्हाईस, म्हनून वाचलो बघ मी."

हेमांगीने वळून डॉक्टरांकडे पाहिलं.

"मुलगी म्हणून नाही ओळखलं त्यांनी," ते सावकाश म्हणाले. "पण ओळखलं. अलीकडच्या आठवणी आधी जातात, बालपणाच्या सगळ्यांत शेवटी. तुम्ही आता तिथं जाऊन बसलात."

"म्हणजे मीही शेवटीच पुसली जाणार?" हेमांगी हसू लागली आणि हसता हसताच रडायला लागली.

"रडतीस कशापायी, येडे?" बापू म्हणाले. "पानी कवाच उतरलं."