रबराच्या वासाचं पिंप

“अहो… अहो, तो जग नाही!”

मामाच्या घरी व्हिस्की चाखायची बैठक भरली होती, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडले. पण तोवर त्या नव्या पाहुण्याने काचेच्या जगातून आपल्या ग्लासात ओतून घेतलं होतं, त्यात नाक खुपसलं होतं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणालासुद्धा, “वा! आजच्यातली ही सगळ्यात छान!”

मग सगळी खोली हसायला लागली, आणि माझा मामा छातीला हात लावून मटकन खुर्चीत बसला.

कारण तो जग उष्ट्याचा होता. चव घेऊन झाली की ग्लासात उरलेली व्हिस्की लोक त्यात ओततात. आणि मामाचा सगळा धंदाच मुळी ‘काही मिसळायचं नाही’ या एका हट्टावर उभा आहे. स्कॉटलंडच्या गोदामांत मुरत पडलेली पिंपं तो एकेक निवडून विकत घेतो, आणि एका पिंपातली स्कॉच जशीच्या तशी बाटल्यांत भरतो. त्यात पाणी नाही, रंग नाही, शेजारच्या पिंपाचा थेंब नाही. पिंप संपलं की विषय संपला. अशा माणसाच्या घरात येऊन या पाहुण्याने सगळ्या पिंपांच्या एकत्र गोंधळाचा पहिला नंबर काढला होता!

मी तरातरा गेले आणि त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला.

“प्यायलात का?”

“नाही. मी पीत नाही… म्हणजे इथे नाही. माझ्या आत्याला गाडीने घरी न्यायचंय. मी नुसता वास घेतो.”

“मग जरा बघून घ्या!”

“तुम्ही नेहमी एवढ्या रागावता, की आज माझ्यासाठी खास?” असं विचारून तो हसला. दात अगदी एका ओळीत. नंतर कळलं, दातांचा डॉक्टरच होता. मी तोंड फिरवलं, पण कान गरम झाले ते झालेच.

त्या दिवसापासून मामाने त्याचं नाव ठेवलं ‘जगवाले डॉक्टर’. मला वाटलं, एवढी फजिती झाल्यावर हा काही पुन्हा तोंड दाखवत नाही. पण छे! दर महिन्याच्या बैठकीला आपल्या आत्याच्या मागोमाग हजर. आत्या तीन घोटांत फुलायच्या, सगळ्यांची थट्टा करायच्या. हा आपला कोपऱ्यात, पुढ्यातला ग्लास न पिता दुपारभर हुंगत बसलेला. मी बाटल्या घेऊन फिरले की नेमका काहीतरी विचारायचा.

“यात मला लवंगेचा वास येतोय.”

“तो तुमच्या हातांचा आहे, डॉक्टर.”

“मग हात जवळ आणून खात्री करून घ्या ना.”

“बाटल्या पडतील.”

“ठेवा की खाली…”

असला आगाऊपणा! आणि मी मूर्ख, पुढच्या बैठकीला कानातले बदलून यायची.

आता माझ्या पिंपाबद्दल सांगते. पाच वर्षं मी मामाकडे बाटल्यांची लेबलं लिहीत होते. कुठल्या स्कॉचला कसला वास, ते मी लिहायचं. पिंप निवडायचं मात्र मामाने. शेवटी मी हटूनच बसले, तेव्हा तो म्हणाला, “बरं बाई, एक निवड.” मी स्कॉटलंडच्या दलालाकडून नमुने मागवले. त्यातल्या एकाचा ग्लास कामाच्या नादात टेबलावर दुपारभर तसाच पडून राहिला. उचलून नाकाशी नेला आणि मी हरखलेच. संत्र्याची साल, मध, मेण लावलेलं लाकडी कपाट! हेच, म्हटलं, हेच माझं पिंप.

मामाने हुंगलं आणि नाक मुरडलं. “अगं, रबर जळल्यासारखा वास येतोय. हे कोण घेईल?”

“बैठकीत ठेवून बघू.”

आमच्या बैठकीची रीत अशी: चव घेतलेल्या प्रत्येक पाहुण्याला एक बूच मिळतं, मामाला आणि मला नाही. पिंप आवडलं तर ते बशीत टाकायचं. निम्म्याहून जास्त बुचं पडली तर पिंप बाटल्यांत. नाहीतर दलालाकडे परत, आणि तो ते कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मिश्रणात ओतून देणार. मामाने वर एक अट घातली. पिंप परत गेलं, तर मी पुन्हा निमूटपणे लेबलंच लिहायची. कायमची.

त्या रविवारी मी माझ्या पिंपातली सगळ्यांना ओतून दिली. लोकांनी हुंगलं. कपाळाला आठ्या. कुणीतरी ‘टायर’ म्हणालं. बाकीच्यांनी पटापट पिऊन टाकली आणि ग्लास रिकामे केले. आत्यांनी बूच टाकलं, पण माझ्या पाठीवर थोपटून, म्हणजे दयेने. बाकीची पडली ती रडतखडत. दुपार कलल्यावर मी ती मोजली. एक कमी होतं.

“डॉक्टरांचं राहिलंय ना!” आत्या म्हणाल्या.

“ज्याने प्यायली नाही त्याला बूच नाही,” मामा म्हणाला.

“मग पितो की,” डॉक्टर उठला.

“आणि गाडी कोण चालवेल रे?” आत्यांनी विचारलं.

“मी सोडते तुम्हाला,” मी पटकन म्हणाले. कामावर मी थेंबही घेत नाही. मग त्याच्याजवळ जाऊन हळूच बजावलं, “हे बघा, माझ्याखातर बूच टाकायचं नाही. नाही आवडली तर नाही म्हणायचं. माझी शपथ.”

“बरं,” तो म्हणाला.

मी ग्लास भरून दिला. त्याने घोट घेतला. गिळला.

“नाही आवडली.”

मेल्या! मीच शपथ घातली होती, तरी मला त्याचा असा राग आला म्हणता! डोळ्यांत पाणीही आलं, ते लपवायला मी बाटलीचं झाकण लावत बसले.

“पण ती आवडली,” तो म्हणाला आणि त्याने कोपऱ्यातल्या आपल्या ग्लासाकडे बोट दाखवलं. सुरुवातीला मी ओतलेला, तसाच भरलेला.

“अहो, दोन्ही एकाच बाटलीतले आहेत,” मामा वैतागला. “का पुन्हा जगातलं घेतलंत?”

“तुम्हीच बघा.”

मामा तरातरा गेला. ग्लास नाकाशी नेला. पुन्हा हुंगलं. घोट घेतला. डोळे मिटले.

“संत्रं,” मामा पुटपुटला. “अगं, हे तर संत्रं आहे.”

“आणि मध?” मी विचारलं.

“मधसुद्धा.”

“सुरुवातीला रबरच होतं,” डॉक्टर म्हणाला. “पण मी न पिता बसून असतो ना. तासाभरात रबर उडून गेलं. आमच्याकडेही भूल दिली की जरा थांबावं लागतं. तुम्ही सगळे घाईत पिऊन मोकळे होता.”

मला माझ्या टेबलावरचा तो विसरलेला ग्लास आठवला. अगबाई! म्हणजे मी तरी कुठे ताजी हुंगली होती?

तो एकच ग्लास मग हातोहात फिरला. डॉक्टरने परत आलेल्या ग्लासातला शेवटचा घोट घेतला, आणि बूच बशीत टाकलं. टक्कन आवाज झाला. पाठोपाठ मामानेही एक टाकलं. “नियम गेला खड्ड्यात,” म्हणाला. “पोरीने माझ्यावर मात केली.” मी त्याच्या गळ्यातच पडले.

संध्याकाळी मी गाडी चालवत होते, डॉक्टर शेजारी. मागे आत्या मान टाकून घोरत होत्या. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, वायपर काच पुसत होता.

“पहिल्या दिवशी मी कसा वाटलो होतो?” त्याने विचारलं.

“खरं सांगू? रबर.”

“आणि आता?”

सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली. “आधी तुम्ही सांगा. आत्यांना सोडायला येता, की…”

“आत्याला तिथवर यायचा केव्हाच कंटाळा आलाय. दर महिन्याला मीच तिला ओढून आणतो.” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “मला तू आवडतेस. जगाच्या दिवसापासून. आता नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. माझी शपथ.”

माझ्या खिशात एक जास्तीचं बूच होतं. मला मत नसतं, पण कुठूनतरी आलेलं. मी त्याचा हात ओढला, तळव्यावर ते ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली. लवंगेचा वास खरंच त्याच्या हातांनाच होता.

“झालं का एकदाचं?” मागून आत्या म्हणाल्या. घोरणं कधीच थांबलं होतं. “मग चला आता. सिग्नल हिरवा झालाय, आणि झोपेचं सोंग घेऊन माझी मान अवघडलीये.”