दार हळू लाव

रोरीने दार आपटलं आणि ब्रायडीच्या दोन्ही बशांतले मासे एकदम दचकले.

"सॉरी! इथे बर्फ मिळेल का?"

"शेजारी. आणि दारावर लिहिलंय, ‘प्रयोग चालू आहे, दार हळू लावा.’"

"वाचलं ना... आपटल्यावर."

सोमवारची सकाळ पाण्यात गेली.

ब्रिस्बेनच्या त्या प्रयोगशाळेत ब्रायडीचं यंत्र माशांच्या पिल्लांच्या बशीला टिचक्या मारायचं. चार-सहा टिचक्यांनंतर बहुतेक पिल्लांना सवय होते, ती दुर्लक्ष करतात. मेंदू घडवणारं एक जनुक बिघडलं असेल, तर मात्र पिल्लू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं दचकतं. ते जनुक बदललेल्या मुलांना शाळेची घंटा रोज नव्याने का टोचते, हे यातून कळण्याची आशा होती. हाच निकाल दोनदा आला होता. तिसऱ्यांदा आल्याशिवाय तिथे कुणी तो खरा धरत नाही. तिची शिष्यवृत्ती शुक्रवारी संपत होती. आणि शेजारच्या उंदरांच्या खोलीत नेमका हा रोरी नावाचा प्राणी रुजू झाला होता.

मंगळवारी त्याने दार हळू लावलं, किल्ल्या पाडल्या. बुधवारी किल्ल्या सांभाळल्या, शिंकला.

"मुद्दाम करतोस?"

"शिंक मुद्दाम येते का कुणाला? तुझ्या कपाळावरची आठी बघायला मात्र... मुद्दाम येतो."

ब्रायडीचे कान लाल झाले. त्याचाही तिला राग आला.

गुरुवारी शेवटची पिल्लं. कोणत्या बशीत कोणती, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून बशा तिने रोरीकडूनच भरून घेतल्या आणि त्यालाच दाराबाहेर बसवलं.

"कुणाला आत सोडू नकोस. स्वतःला तर मुळीच नाही."

तासाभराने ती बाहेर आली. रोरी बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर, दाराला टेकून बसला होता.

"डावी बशी... सवय झालीच नाही त्यांना!"

"बदललेलं जनुक डावीकडेच होतं!" तो ताडकन उठला. बूट धाडकन पडले. ती दचकली.

"आठवडाभर माझी आदळआपट ऐकून अजून दचकतेस? तू डाव्या बशीतली दिसतेस."

"आणि तू?"

"मीही. तू रोज दिसतेस, आणि रोज... पहिल्यांदा दिसल्यासारखं धस्स होतं. प्रेमात पडलोय, ब्रायडी."

आठी घालायचा तिने प्रयत्न केला. जमेना.

"पुन्हा म्हण."

"का?"

"एकदाच आलेलं आम्ही खरं धरत नाही."

त्याने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, आणि शिंकला.

"पहिल्यापासून," ब्रायडी म्हणाली.