जीवलेप

संगणकाच्या पडद्यावरच्या दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली उतरल्या होत्या. डॉ. शर्वाणी तोरणे सुन्न होऊन बघत राहिल्या.

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. इसब झालेल्या निम्म्या मुलांना त्यांचा जीवलेप दिला होता, निम्म्यांना नुसता मलम. आणि दोन्ही गट सारखेच बरे झाले होते!

"म्हणजे आपलं औषध कुचकामी," त्या म्हणाल्या.

"नुसत्या मलमानं इतकं जुनाट इसब जात नसतं," सहकारी डॉ. मुजावर म्हणाले. "आपल्या लेपात निरोगी कातडीवरचे मित्रजंतू आहेत. ते इसब चिघळवणाऱ्या जंतूंना हुसकतात, शरीराच्या चवताळलेल्या संरक्षक पेशींना शांत करतात. मलमात यातलं काहीच नाही."

शर्वाणींनी मलमाच्या गटातल्या जुईला बोलावलं. तिच्या कोपराच्या खळग्यातली कातडी नितळ झाली होती. नमुना तपासला, तर त्यात त्यांचेच मित्रजंतू, त्यांनीच जनुकात घातलेल्या खुणेसकट!

"हिला कुणी दुसरा लेप लावला होता का?"

"न्हाई वो मॅडम," जुईची आई घाबरून म्हणाली. "पर हितं बाकड्यावर त्या रेहानासंगं टाळ्या खेळायची. शाळंत हिला कोण शिवायचं न्हाई, लागण हुईल म्हणून. म्हटलं, दोघींचं दुखणं एकच, खेळू द्यात."

रेहाना जीवलेपाच्या गटातली.

शर्वाणींच्या अंगावर काटा आला. इसब कधीच कुणाला लागत नव्हतं. लागत होतं ते बरं होणं.

"चाचणी पुन्हा घेऊ," मुजावर म्हणाले. "नव्या मुलांवर."

नवी मुलं शोधत दोघं जुईच्या शाळेत गेले. कातडी नितळ झाल्यापासून तिथं सगळे जुईशी हात धरून खेळू लागले होते. नमुने तपासले, तर तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातावर मित्रजंतू आधीच नांदत होते. वरच्या वर्गांतही तेच. बाईंच्या हातावरही. तुलनेला कोरं मूल एकही उरलं नव्हतं.

"आता सिद्ध कसं करायचं?" मुजावर हताशपणे म्हणाले. "आणि यांना आपण विचारलंही नाही हो."

तेवढ्यात शाळा सुटली. गळ्यात गळे घालून, हात धरून मुलं म्हैसाळच्या, तासगावच्या, सांगलीच्या गाड्यांकडे धावली, आणि दोन शास्त्रज्ञ फाटकाशी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले.