धुराड्याची ऊब

धुराडं छपरातून वर निघतं तिथला सांधा म्हणजे माझं पोट भरणारी जागा. घर कितीही नीट बांधा, पाणी मुरायचं ते तिथेच. धुराड्याभोवती शिशाची पट्टी वाकवून बसवायची, तिची वरची कड विटांच्या फटीत खोचायची आणि फट सिमेंटने भरायची. काम एवढंच. नवरा म्हणतो, तुला माणसांपेक्षा सांधे जास्त कळतात. खरं आहे. सांधे उलटून बोलत नाहीत.

चष्मेवाल्या काकांचा सांधा मात्र उलटून बोलला.

चष्म्यांचं दुकान बंद करून काकांना बरीच वर्षं झाली होती. टेकडीच्या कडेला एकटंच घर आणि घरात एकटे काका. मी शिडी लावायच्या आतच त्यांनी मला गाठलं.

"बाई, रविवारी लेक येतेय. भिंत पुन्हा ओली दिसली तर मला कायमचं तिच्याकडे नेणार म्हणते. तेवढं होऊ देऊ नका."

"लेकीकडे त्रास आहे का काही?"

"छे! जावईसुद्धा सोन्यासारखा आहे." एवढं बोलून ते आत गेले.

मी सांधा नवा करून दिला. दोनच दिवसांनी पाऊस झाला आणि त्यांचा फोन आला, गळतंय. वर जाऊन बघते तर माझं सिमेंट तडकून भुगा झालेलं. मला रडू यायचं बाकी होतं. आधी सिमेंटवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग स्वतःला, आणि पुन्हा फट खरवडायला बसले. आभाळ भरलेलं होतं, वारा असा की बोटं वळेनात. रुमाल बांधायला म्हणून धुराड्याला पाठ टेकली आणि तशीच बसून राहिले.

विटा उबदार होत्या.

सगळ्या नाही. एका बाजूला, पाठीएवढ्या जागेत. थंडीत कुणी मागून येऊन बिलगावं तशी ऊब होती ती. कबूल करते, मला उठावंसं वाटेना.

पण ऊब आली म्हणजे कुठेतरी जाळ हवा. मी खाली उतरून घराला फेरी मारली. शेजार नाही, गरम पाण्याचा नळ त्या भिंतीत नाही. आत खोलीत धुराड्याखालची, भिंतीतली शेगडी विटांनी बुजवून वर रंग दिलेला. तिच्यासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या. मी रंगावर तळहात ठेवला. तिथेही तीच ऊब.

"काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. इथे काय पेटवता?"

"काहीच नाही हो." ते खुर्चीत टेकले. "शेगडी हिनेच बुजवायला लावली. धुराने खोकला यायचा तिला. ती गेली त्या हिवाळ्यापासून भिंत अशीच असते. संध्याकाळी मी पाठ टेकून बसतो. बरं वाटतं."

लेकीकडे का जायचं नाही, ते मला तेव्हा कळलं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, सिमेंटवर आहे. ओलं सिमेंट उबेने घाईत सुकतं आणि तडकतं. मी तेवढंच सांगितलं. सांधा धरेपर्यंत भिंत गार राहिली पाहिजे, नाहीतर ब्रह्मदेव आला तरी गळती थांबायची नाही.

काका उठून भिंतीजवळ गेले आणि झोपलेल्या माणसाला उठवावं तसं हळूच म्हणाले, "अगं, ऐकलंस ना? थोडे दिवस बाहेर ये. नाहीतर मला जावं लागेल बघ."

मला हसू आलं. ते लपवायला मी घाईघाईने शिडी चढले आणि वर धुराड्याला हात लावला.

विटा गार पडल्या होत्या.

मी पट्टी बसवली, फट भरली, घरी गेले. त्या रात्री नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

शनिवारी धो धो पाऊस झाला. रविवारी काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. लेकीने भिंतीवरून, छतावरून हात फिरवला. सगळं कोरडं ठणठणीत. "बरं बाबा, राहा इथेच," ती म्हणाली. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी रिकाम्या खुर्चीवर बसायला निघाले.

"तिथे नको," काका म्हणाले.

माझा हात गादीवर टेकला होता. गादी उबदार होती. मधोमध दबलेली.

"परत जायचं नावच घेत नाही," काका लाजून म्हणाले. "बाहेरच बरं वाटतं म्हणते."

मी भिंतीला हात लावून पाहिला. गार.

मला त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

ते हात बर्फासारखे होते. नखं निळी पडली होती.

आतून लेकीचा आवाज आला, "बाबा, शाल कुठंय तुमची? थंडी वाजत नाही का?"

"छे गं," काका हसून म्हणाले. "मुळीच नाही."

आणि त्यांनी ती खुर्ची आणखी जवळ ओढली.