आतल्या खोलीचा दिवा

तीर्थपुरीत शहागड रस्त्याला नवी प्लॉटिंग पडली, तेव्हा तिथं दोनच घरं उभी राहिली होती. एक बेबीनंदाचं, दुसरं समोर द्वारकाबाईंचं. बाकी सगळे चुन्याने आखलेले चौकोन आणि बाभळी.

बेबीनंदा यंदा दहावीला होती. गणितात पहिली, आणि हे साऱ्या जगाला माहीत असावं असं तिला वाटायचं. मंठ्याला आजोबांनी अंथरूण धरलं म्हणून आई तिकडेच जाऊन राहिली होती. वडील तातेराव ट्रकवर. घरी येणार ते कधीतरी, अंघोळ-जेवणापुरते.

"तूबी मंठ्याला जाय," तातेराव म्हणाले. "पोरगी एकटी राहून राह्यली हे लोकांना कळलं तर? दहावी पुढच्या साली दे."

"कळणारच न्हाई बाबा! घरात कुणीतरी हाय असंच वाटंल, बघाच तुम्ही."

"दिवाळीपर्यंत बघतो. जरा काही कानावर आलं, की मंठा."

बेत सोपा होता. संध्याकाळी ती शिकवणीला गेलेली असताना आतल्या खोलीत आपोआप दिवा लागायचा आणि निजायच्या वेळी विझायचा. प्रश्न एवढाच, की तो लावणार कोण? तातेरावांनी कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला कंप्युटर आणून ठेवला होता. वायरमन निजामोद्दीनचाचांचा सगळा जीव त्याच्यात.

"बेटी, कंप्युटरच लाव. रोज अलग टायमाला दिवा. रेडिओबी वाजंल. बिलकुल माणसावानी!"

"आन् तुमच्याकडची ती टायमरची पेटी?"

"ती दुकानाच्या बोर्डावरच्या लाइटीची. टाइम झाला की चालू, टाइम झाला की बंद. येडी हाय ती."

दोघांनी मिळून कंप्युटर जोडला. दिवा लागलाही. चाचांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लोडशेडिंग झालं. लाइट परत आली तेव्हा कंप्युटर काळाठिक्कर. बटण दाबल्याशिवाय तो उठत नव्हता. बटण दाबायला माणूस पाहिजे, आणि त्या वेळी घरात माणूस असतं तर हा खटाटोप कशाला केला असता?

"चाचा, पेटीच बसवा. येडीच बरी."

डब्याएवढी राखाडी पेटी भिंतीवर बसली. आत पांढरी चकती हळूहळू फिरायची. पेटीचा स्वतःचा सेल होता, त्यामुळे लाइट गेली तरी तिची वेळ चुकत नव्हती. सातला खट् करून दिवा लागायचा, दहाला विझायचा.

पहिल्या संध्याकाळी बेबीनंदा मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पडद्याआड पिवळा उजेड. खरंच कुणीतरी वाट बघत बसल्यासारखा! घरात शिरताना तिने चपला आवाज न करता काढल्या, आणि मग स्वतःलाच हसली. ते हसू ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"कोण असतं गं आत?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आत्या. बरं नसतं तिला, बाहेर येत न्हाई."

द्वारकाबाईंना ते पटलं. बेबीनंदाला तर उड्याच माराव्याशा वाटल्या.

मग दिवा दहाच्या आधीच विझायला लागला. कधी नऊ, कधी साडेआठ. चाचांनी पेटी उघडून बघितली.

"चकती बराबर हाय. तूच बटण बंद केलं असशील. अभ्यासाच्या नादात ध्यान राह्यत न्हाई."

भिंतीवरचं बटण खरंच बंद होतं. तिने ते चालू केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. खोलीत ओल्या केसांचा वास येत होता.

शुक्रवारी द्वारकाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात आल्या.

"तुझ्या आत्याला लावलं गं खिडकीतनं. पडद्याआडनं पुढं झाली, पण अशी खाली बसल्ती, की मलाच गजातनं हात खाली घालावा लागला. लय गार कपाळ."

हे खोटं आहे असं सांगावं, तर आत्याही खोटी ठरणार. ते बाबांच्या कानावर जाणार. मग मंठा.

"हौ," ती म्हणाली. "गारच असते ती."

त्या संध्याकाळी तिने आतल्या खोलीचा बल्बच काढून घेतला. दाराला बाहेरून कडी घातली. शिकवणी बुडवून स्वयंपाकघरात भूगोल मोठमोठ्यानं वाचत बसली.

सात वाजता पेटी खट् वाजली.

आत अंधारच राहिला.

सकाळी द्वारकाबाई अंगणातूनच ओरडल्या, "काल तिला अंधारात का बसवलंस गं? पडदा धरून रडत होती."

बेबीनंदाने बल्ब परत लावला.

दिवाळीला तातेराव आले. द्वारकाबाईंनी बेबीनंदाचं आणि आत्याचं कौतुक केलं. समोर ते कसेबसे गंभीर राहिले, आणि घरात येऊन पोट धरून हसले.

"कोणती आत्या गं? माझ्या बापाला पोरगीच न्हाई! पक्कं फसवलंस की गावाला. राहा. दहावी दे."

जिंकली होती ती! तिला नाचावंसं वाटायला हवं होतं.

निघताना तातेराव आपली लुंगी आणायला आतल्या खोलीत गेले. जरा जास्तच वेळ लागला. दाराआडून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, लाडीगोडीचा.

"हौ. हौ, आणतो की पुढच्या खेपेला. रडू नको."

ते बाहेर आले. लुंगी घ्यायची विसरले होते. बेबीनंदाने काही विचारलं असतं, तर शाळा गेली असती.

ट्रकमध्ये चढता चढता ते थांबले आणि जरा रागानंच तिच्याकडं बघू लागले.

"आत्या काय म्हणतीस तिला? तुझ्याहून ल्हान हाय ती."