न विचारलेला होकार

"माही गादी आजपासून दुकानात राहीन," असं म्हणून महादेवरावांनी अंथरुणाची वळकटी काखेत मारली, तेव्हा देवकाबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्यांना कळलं नाही! तिन्हीसांजेची वेळ, देवापुढची समई अजून लागायची होती. बत्तीस वर्षांच्या संसारात ज्यांनी कधी साधा आवाज चढवला नव्हता, ते महादेवराव माल आणायला म्हणून नागपूरला जाऊन दहा दिवसांनी परतले होते... बरोबर माल नव्हता. चेहरा पांढराफटक, पाय फाकवून, भिंतीला धरत धरत टाकलेली पावलं, आणि नजर मात्र कुठेतरी जमिनीत गाडलेली.

"काऊन जी? माह्यं काही चुकलं का?"

"नाई."

"मंग?"

"विचारू नको मले, देवका. कधीच विचारू नको."

आणि ते दुकानात निघून गेले. देवकाबाई तिथंच उभ्या राहिल्या.

आर्वीहून अमरावतीकडं जाणाऱ्या गाड्या जिथं थांबत, त्या तळेगावच्या बाजारात महादेवरावांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानामागं दोन खोल्यांचं घर. एकुलती लेक मयुरी लग्न होऊन वर्ध्याला बोरगाव मेघेत नांदत होती. शेजारच्या घरात धाकटा भाऊ बंडूजी आणि त्याची बायको गोपिका. वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून ते बाजारात विकत. दोन घरांत भिंत एकच. एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात कळायची.

आपलं काय चुकलं, याचं उत्तर देवकाबाईंनी त्याच संध्याकाळी स्वतःपुरतं शोधून काढलं. दोन महिन्यांपूर्वी, २००२ च्या दिवाळीनंतर, आरोग्य खात्याची जीप भोंगा लावून गावात फिरली होती. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी तपासणीला यावं, लघवीला जोर करावा लागत असेल, वारंवार उठावं लागत असेल, तर लाज धरू नये, प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीत कॅन्सर असू शकतो... भर बाजारात हे शब्द ऐकून पुरुष एकमेकांना टाळ्या देत हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला बंडूजी.

"सरकारले आता म्हाताऱ्यायचं मुतणंबी मोजाचं हाये का!"

पण सातवी शिकलेल्या देवकाबाईंनी जीपमधून उडालेलं पत्रक उचलून दोनदा वाचलं होतं. नवरा किती वेळा उठतो, मोरीत किती वेळ ताटकळतो, हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? त्यांनी हट्ट धरला, मयुरीची शपथ घातली, तेव्हा महादेवराव डोक्याला शेला गुंडाळून, मागच्या रस्त्यानं शिबिरात गेले. "काही नाई निघालं," एवढंच येऊन म्हणाले.

आपण त्यांना त्या रांगेत उभं केलं, त्यांच्या मानी मनाला डागणी दिली, त्याचीच ही शिक्षा! देवकाबाईंनी ती मुकाट्यानं स्वीकारली. आणि चार वर्षं भोगली.

चार वर्षं! सकाळी दुकानाच्या दारात चहाचा कप ठेवायचा, दुपारी ताट सरकवायचं, रिकामं झालं की उचलायचं. बोलणं म्हणाल तर "मीठ दे", "गिऱ्हाईक आलं". दर दोन-तीन महिन्यांनी महादेवराव नागपूरला जात आणि कधी रित्या हातानं, कधी चार पातेली घेऊन परत येत. मधल्या दारातून देवकाबाई चोरून बघत. पौषाच्या कडाक्यात अंगावरचा सदरा काढून तो माणूस पुठ्ठ्यानं वारा घेत बसे, कपाळावरून घामाच्या धारा... भरघोस मिशी विरळ झाली, अंग बेढब सुटलं, चेहऱ्यावर कसलीशी मऊ सूज आली. हा आपलाच नवरा ना? की त्याच्या जागी दुसरंच कोणी हळूहळू येऊन बसतंय? असं मनात आलं की त्या दाराआड अंग चोरून घेत.

गावानं आपला अर्थ लावला. एके दिवशी भाजी निवडता निवडता गोपिकाच म्हणाली, "बाई, राग नका मानू. लोकं म्हनतात, नागपूरले भाऊजींनी कोनी ठेवली हाये म्हनून."

देवकाबाईंनी पालकाची जुडी घट्ट धरली. "म्हणू दे," त्या म्हणाल्या. मयुरीनं माहेरी आल्यावर विचारलं, "माय, बाबा दुकानात काऊन झोपतात?" तेव्हा "तिथं वारा लागते" असं खोटं सांगून त्यांनी लेकीची वेणी घातली.

मग २००६ च्या उन्हाळ्यात महादेवरावांचं नागपूरला जाणं एकाएकी थांबलं. "सोडलं वाटते तिनं," गोपिका कुजबुजली. आणि देवकाबाईंना, देवा, क्षमा कर, आनंद झाला! त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली. महादेवरावांनी दोन घास खाल्ले आणि पाठीला हात लावून उठले. त्यांची पाठ दुखायला लागली होती. पुढं काठी आली. पुढं बसल्या जागेवरून उठताना ओठ दाताखाली धरणं आलं. घरावर काहीतरी चालून येत होतं, पावलं ऐकू येत होती, दिसत मात्र काहीच नव्हतं...

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, आरोग्यसेविका रंजिता दारात आली. महादेवराव लग्नाची भांडी पोचवायला आर्वीला गेले होते.

"काकू, काकाजी सहा महिने झाले तपासणीले गेलेच नाई. नागपूरहून यादी आली. शिबिरातल्या प्रत्येक पेशंटच्या घरी जाऊन पाहा, असा आम्हाले हुकूम हाये."

"कोनती तपासणी? त्याईले तं काहीच निघालं नव्हतं..."

रंजिताचा चेहरा उतरला. "असं काय म्हनता, काकू? आपरेशनच्या कागदावर तुमची सही हाये नं!"

तिनं फाईल उघडली. संमतीपत्राची नक्कल होती. खाली 'पत्नी' असं छापलेलं, आणि पुढं वळणदार अक्षर... देवका महादेव. ते अक्षर देवकाबाईंचं नव्हतं. दुकानातल्या प्रत्येक हंड्यावर नाव घालणारं ते अक्षर त्या ओळखत होत्या.

"बाई, काय झालं होतं त्याईले? मले सांग. तुह्या पाया पडतो मी."

रंजितानं फाईल मिटली. मग जवळ सरकून खालच्या आवाजात सारं बोलली. शिबिरातल्या रक्ताच्या तपासणीतच संशय आला होता. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात कॅन्सर नक्की झाला, तोवर तो हाडापर्यंत पोचलेला. पुरुषाच्या शरीरातल्या ज्या रसावर तो वाढतो, तो रस थांबवायचा, म्हणून दोन्ही वृषण काढून टाकले. त्यानं चार वर्षं मिळाली. आता तो पुन्हा उठला असावा.

महादेवराव संध्याकाळी परतले, तेव्हा देवकाबाई चार वर्षांत पहिल्यांदा दुकानात, त्यांच्या गादीवर बसल्या होत्या.

"माह्या नावाची सही तुमी केली?"

महादेवरावांच्या हातातली काठी खाली पडली. रचलेल्या पातेल्यांच्या उतरंडीला धरून ते कसेबसे उभे राहिले.

"डाक्टर म्हने, बायकोले घेऊन या. तिचा होकार पाह्यजे." ते पातेल्यांकडं बघून बोलत होते. "तुले काय सांगू मी? माह्यातलं काय काढून टाकून राह्यले, ते कोन्या तोंडानं सांगू? माणूस नाई राह्यलो मी, देवका! तुह्या बाजूले कसा झोपू?"

"आता तपासणी काऊन सोडली?"

"दुखणं पुन्हा वर आलं म्हने. नवीन उपचार सुरू कराचे तं बायकोले आणाच लागीन म्हनाले."

"म्हणून मराले बसले इथं?" देवकाबाई उठल्या. "अन् गावात काय बोलतात ते? नागपूरची बाई? आयकलं नाई तुमी?"

"आयकलं."

"मंग?"

महादेवरावांनी डोळे मिटले. "बरं वाटलं मले. बाई ठेवली म्हनतीन... पन हे तं नाई म्हननार."

देवकाबाईंच्या काळजात सुरी फिरावी तसं झालं! "तुमाले बरं वाटलं... अन् मी? चार वर्सं माह्यं काय चुकलं म्हणून देवापुढं नाक घासत राह्यली मी! तुमाले एकदाबी वाटलं नाई का जी, का इले विचारून पाहावं? मी काय म्हनली असती? सांगा नं, काय म्हनली असती मी?"

तो धिप्पाड माणूस भांड्यांच्या राशीत खाली बसला आणि लहान लेकरासारखा ओक्साबोक्शी रडू लागला. देवकाबाई त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. मग वाकून त्यांनी गादी गुंडाळली, वळकटी स्वतःच्या काखेत मारली आणि म्हणाल्या, "चला घरात."

नागपूरच्या डॉक्टरांनी मणक्याचे फोटो दिव्यासमोर धरले आणि काही क्षण बोललेच नाहीत. तेवढ्यात देवकाबाईंना कळायचं ते कळलं. दुखणं कमी करता येईल, म्हणाले. पुढच्या कागदावर देवकाबाईंनी स्वतःच्या हातानं सही केली. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सख्खा भाऊ आहे? त्याची तपासणी करून घ्या. लवकर."

कारण न सांगता देवकाबाईंनी बंडूजीला दोनदा तपासणीचं सांगून पाहिलं. तो हसला. "मले काय झालं, वयनी? बैलावानी हाये मी." पण भिंतीपलीकडून मोरीचं दार पुन्हा पुन्हा वाजतं, हे आता देवकाबाई ऐकत होत्या आणि महादेवरावही.

जानेवारीत पुन्हा भोंग्याची जीप आली. ग्रामीण रुग्णालयात शिबिर लागलं. त्या सकाळी महादेवराव म्हणाले, "मले बंडूच्या भाजीच्या दुकानावर घेऊन चाल."

"तिथं साऱ्या गावापुढं? घरात बोलावू त्याले."

"घरात तो हासण्यावारी नेईन, देवका."

बाजाराचा दिवस होता. काठीवर आणि बायकोच्या खांद्यावर भार टाकून महादेवराव भावासमोर उभे राहिले. भोवती ओळखीची माणसं होती. चार वर्षांपूर्वी हसलेलीही.

"बंडू, शिबिरात जा."

"दादा, पुन्हा तेच का..."

"मले कॅन्सर हाये. लघवीच्या जागचा. हाडात गेला." बाजाराचा गलबला त्यांच्याभोवती हळूहळू विझत गेला. "नागपूरले मी बाईकडं नाई गेलतो. आपरेशन झालं माह्यं. दोन्ही काढले डाक्टरनं, बंडू. ते लपवासाठी मी हिची बदनामी होऊ देल्ली... तुह्या घरातूनच होत होती, तरी होऊ देल्ली! आता हास. हासून घे, अन् मंग माह्यासंग चाल."

कोणी हसलं नाही. बंडूजीच्या हातातला तराजू खाली आला. त्याच्यामागं वांगी मांडत बसलेली गोपिका उठली, मध्ये पडलेली टोपली तुडवत आली आणि देवकाबाईंच्या पायांवर कोसळली. "बाई, माही जीभ झडो! मले माफ करा, बाई!" देवकाबाईंनी तिला उठवलं. क्षमा होती, पण ती बोलायला अजून अवकाश होता.

बंडूजी गेला. त्याच्यामागून आणखी सात-आठ जण गेले. बंडूजीच्या रक्तात दोष निघाला. पण गाठ अजून आपल्या जागी होती, बाहेर पडली नव्हती. नागपूरला सात आठवडे रोज विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा, म्हणजे बरा होशील, असं डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. जाताना तो भावाच्या उशाशी बसला, काहीतरी बोलू पाहत होता, पण महादेवरावांनीच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "एकबी दिवस खाडा करू नको. मी बलावलं असं कोनी म्हनलं, तरी येजो नको."

बंडूजीच्या शेकाच्या पाचव्या आठवड्यात महादेवरावांचं अन्न तुटलं. मयुरी येऊन राहिली. "काकाले फोन करू का?" तिनं विचारलं. महादेवरावांनी मानेनंच नाही म्हटलं. त्यांचं हे सांगणं देवकाबाईंनी पाळलं.

एका दुपारी मयुरी रंजिताकडं औषध आणायला गेली होती. देवकाबाई चमच्यानं पाणी पाजत होत्या.

"देवका, माह्यावर राग हाये का?"

"हाये," त्या म्हणाल्या. "चार वर्सं नेले तुमी माह्ये. मी बाजूले असती नं जी."

"कुठून देऊ आता?"

देवकाबाईंनी पदरानं त्यांचे ओठ टिपले आणि त्यांच्याशेजारी, त्याच गादीवर, अंग टेकलं. महादेवरावांनी मुश्किलीनं हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला. थोड्या वेळानं श्वास लांबला... आणखी लांबला... आणि मग आलाच नाही.

देवकाबाई उठून बसल्या. आता एक हंबरडा फोडला की गोपिका धावत येईल, गल्ली गोळा होईल, बाया त्यांना एका कोपऱ्यात नेऊन बसवतील, पुरुष त्यांच्या माणसाला उचलून बाहेर ठेवतील, आणि पुन्हा तो त्यांचा उरणार नाही... त्यांनी तोंडावर पदर दाबला. हलक्या पावलांनी जाऊन दाराची कडी आतून लावली. समोर दुकानात कोणी गिऱ्हाईक "महादेवराव, ओ महादेवराव" अशी हाक मारत होतं.

देवकाबाई परत आल्या, नवऱ्याच्या बाजूला आडव्या झाल्या, त्याचा अजून ऊन असलेला हात आपल्या गालाखाली घेतला आणि मयुरीची पावलं अंगणात वाजेपर्यंत तशाच पडून राहिल्या.