डाव्या सीटवरचा आवाज

गाडीचं दार लागलं की बाहेरच्या जगावर कुणीतरी अलगद झाकण ठेवावं तसं व्हायचं. केतकीला तो क्षण फार आवडायचा. इचलकरंजीच्या त्या गल्लीत रिक्षा होत्या, भाजीची हातगाडी होती, दोन घरं सोडून अजून तग धरून असलेल्या जुन्या मागांचा खडखडाट होता. दार लागलं आणि यातलं काहीच उरलं नाही. उरली फक्त सारंगीची एक ओळ, इतकी स्वच्छ की गज तारेवर कुठे जरासा अडखळला तेही कळावं.

चंपाआत्याने बेल्ट लावला, पिशवी मांडीवर घेतली आणि काचेतून बाहेर बघू लागली. तिला डोळे तपासायला कोल्हापूरला न्यायचं होतं. केतकीचे वडील, आप्पा, गेल्यापासून त्या डाव्या सीटवर कुणी बसलं नव्हतं.

घरातून निघताना आत्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. गॅस बंद केलास का, चष्म्याचं घर घेतलंस का, शेजारणीला किल्ली दिलीस का. गाडीत बसल्यावर मात्र ती एकदम गप्प झाली. भावाच्या जागेवर बसल्यामुळे असेल, असं केतकीला वाटलं. तिलाही बोलायचं नव्हतं. हातकणंगले मागे पडलं, उसाची शेतं सरकत राहिली आणि सारंगी वाजत राहिली.

गाडी साधीच होती, रोज ऑफिसला न्यायची. तिच्या आतलं मात्र सगळं केतकीने स्वतः घडवलं होतं. रविवारी पार्किंगमध्ये बसून तिने दारांची आतली कव्हरं उतरवली, पत्र्यावर कंपन शोषणारी जड काळी चादर चिकटवली आणि हातातल्या रुळाने तिच्यातला हवेचा फुगान् फुगा काढला. छताच्या कापडाखाली लोकरीचा नमदा अंथरला. काचेशेजारच्या खांबांत बोराएवढे स्पीकर बसवले, डिकीच्या तळाशी अँप्लिफायर. हे वेड असलेल्या मंडळींचा एक ग्रूप होता. त्यातल्या प्रसन्न घेवडेने सगळ्या स्पीकरांचे आवाज तिच्या कानाशी एकाच क्षणी पोचतील असं जुळवून दिलं होतं. माणूस कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात लहानाचा मोठा झाला की शांततेसाठी काय काय करतो, हे प्रसन्नला सांगावं लागलं नव्हतं. तोही इचलकरंजीचाच.

या सगळ्यावर कळस होता तो प्रतिलहरीचा. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या प्रत्येक चढाला उतार आणि उताराला चढ अशी दुसरी लाट त्याच क्षणी सोडली, की दोन्ही मिळून कानाशी शून्य उरतं. तंत्र जुनंच, इयरफोनमध्ये कधीचं आलेलं. नवीन एवढंच होतं की ही यंत्रणा शिकत असे. चालकाच्या बेल्टमध्ये एक संवेदक पट्टी होती. एखादा आवाज आला आणि तिला खांदे आवळलेले, नाडी वाढलेली जाणवली, की यंत्रणा समजे, हा आवाज नकोसा आहे. पुढच्या वेळी तो थोडा कमी करायचा, त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडा. न विचारता, न सांगता. शौकीन मंडळी या शिकण्याला तालीम म्हणत.

शिरोलीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि केतकीने सहज डावीकडे पाहिलं.

आत्या बोलत होती.

नुसती पुटपुटत नव्हती. हातवारे करून, भुवया उडवून, मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर हसत, घसा फोडून बोलत होती. आवाज मात्र नव्हता. काचेपलीकडच्या माशाचं तोंड हलावं तसं तिचं तोंड हलत होतं आणि त्यावर सारंगी वाजत होती. केतकीने सिग्नल सुटताच गाडी एका रसवंतीसमोर बाजूला घेतली आणि दार उघडलं. दार उघडलं की यंत्रणा थांबत असे.

"...आणि तू काय कान गहाण टाकलेस काय?" आत्याचा आवाज पाटावर भांडं पडावं तसा आदळला. "हातकणंगल्यापासनं घसा सुकला माझा! आणि तू आपली ठोंब्यासारखी समोर बघायलीस!"

"आत्या, तू... निघाल्यापासून बोलत होतीस?"

"नाहीतर काय मौनव्रत धरलंय मी?" आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा सूर उतरला. "काय झालं गं? पांढरी पडलीस."

केतकीला आठवलं, दोनच आठवड्यांपूर्वी ऑफिसातली नीलम मागच्या सीटवर बसून आली होती. तिचं बोलणं अगदी छान ऐकू आलं होतं. मग आत्याचंच का नाही? पण हे मनात येतानाच तिला कळून चुकलं होतं. आप्पा बसायचे ती हीच सीट, आणि आवाजही तोच. आप्पा मागांची दुरुस्ती करणारे जॉबर, आत्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. दोघंही खडखडाटावर मात करत बोलायला शिकलेली. तोच चढा, किंचित चिरका सूर, तीच शेवटचा शब्द लांबवण्याची लकब. आप्पांचा आवाज पुसायला शिकलेल्या यंत्राने बहिणीला भाऊ समजून पुसून टाकलं होतं.

आत्या उतरली. रसवाल्याच्या बाकावर बसली. "दादा म्हणायचाच," ती म्हणाली.

"काय म्हणायचे?"

"की पोरीच्या गाडीत बसलं की कारखान्यात बसल्यागत वाटतं."

"कारखान्यात? आत्या, त्या गाडीत टाचणी पडली तर ऐकू येते!"

"टाचणी येत असंल. माणसाचं बोललेलं पोचत नाही, म्हणायचा." आत्याने ग्लासातला बर्फ बोटाने बाजूला केला. "मागावर तसंच असतंय की. समोरचा दोन हातांवर, पण पोचत नाही. मग खुणा करायच्या."

"कसल्या खुणा?"

"लहान होतीस तेव्हा येत होत्या तुला. डबा द्यायला यायचीस तेव्हा. तहान लागली की अंगठा. मालक आला की कॉलर." आत्याने बाकाच्या कडेवर दोन बोटांनी दोन टिचक्या मारल्या. "आणि ही. मागाच्या लोखंडावर मारायची. ऐकू नाही आली तरी हाताला लागते. म्हणजे, इकडं बघ."

केतकी त्या दोन बोटांकडे बघत राहिली.

शेवटच्या महिन्यांत आप्पा डॅशबोर्डवर अशाच टिचक्या मारायचे. दोन, मग थांबून पुन्हा दोन. तिला वाटलं होतं, ठेका धरतायत. जन्मभर रेडिओसुद्धा न ऐकलेल्या आप्पांना आपल्या गाडीतल्या गाण्याची गोडी लागली, याचा तिला केवढा आनंद झाला होता. नजर रस्त्यावर ठेवून ती हसली होती. आणि दर वेळी तिने आवाज वाढवला होता.

"रागावले होते?" तिने विचारलं.

"दादा? छे. पोचत नसलं तरी बोलत राहायची सवय असते आम्हाला." आत्या थांबली. "फक्त एकदा म्हणाला, डॉक्टरपुढं पोरीनं मला खुळ्यात काढलं."

केतकीने ग्लास खाली ठेवला.

तो दिवस तिला आठवत होता. गाडीतून उतरताना आप्पा विचारायचे, "मघाशी सांगितलं ते ध्यानात राहील ना?" आणि ती, काहीच ऐकलेलं नसताना, म्हणायची, "हो, आप्पा." तिला वाटे, ते काही बोललेच नाहीत, त्यांना तसं वाटतंय. म्हणून एक दिवस तपासणीच्या खोलीत, ते शेजारी बसलेले असताना, तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, "हल्ली यांना भास होतात. न बोललेलं बोललो असं वाटतं." डॉक्टरांनी मान हलवून एक गोळी वाढवली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं होतं. ती नजर तिने तेव्हा गोंधळलेली समजली होती. त्या गोळीने पुढे त्यांना गाडीत कधी कधी झोप लागू लागली, तेव्हा तिला हायसंच वाटलं होतं.

आत्याला डोळ्यांच्या दवाखान्यात सोडून केतकी गाडीपाशी परत आली आणि बाहेर उभी राहूनच तिने प्रसन्नला फोन लावला.

"बोला मॅडम!" तो म्हणाला. "काय, आता गोगलगाय चाललेलीही ऐकू यायला लागली वाटतं?"

"प्रसन्न, तालमीच्या काळात गाडीत दुसरं माणूस असलं तर काय होतं?"

"अगं, तो तर पहिला नियम. रिकाम्या गाडीत, एकट्याने. आठवडाभर फिरायचं आणि शिकण्याला कुलूप लावून टाकायचं. तू लावलंस ना कुलूप?"

तिने लावलं नव्हतं. रिकाम्या गाडीत फिरायला तिच्याकडे आठवडा नव्हता. लांबचे फेरे व्हायचे ते फक्त आप्पांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचे, म्हणून तिने तालीम त्यातच उरकली. आणि नंतरही चालूच ठेवली, कारण शांतता दर आठवड्याला अधिक गडद होत होती आणि तिला ती हवी होती.

"माणसाचा आवाज गेलाय, प्रसन्न."

"कुणाचा?"

"आप्पांचा," ती म्हणाली. तो आप्पांना ओळखत होता.

"हे बघ," तो म्हणाला, सूर बदलून, "सगळं पुसून टाकता येतं. एक बटण दाबलं की पाटी कोरी. प्रत्येक फेऱ्यात कुठली उलटी लाट सोडली, ते यंत्रणा स्वतःला सुधारायला जपून ठेवते, तेही जाईल."

"जपून ठेवते?"

"हो. हवेतला आवाज नाही, आपण सोडलेली लाट तेवढी."

"आणि ती उलटी लाट नुसती वाजवली तर? समोर मूळ आवाज नसताना?"

"तर काय, मूळ आवाजच ऐकू येईल. कानाला उलट-सुलट काही कळत..." तो मध्येच थांबला. मग हळूच म्हणाला, "केतकी, मी येऊ का तिकडे?"

"नको," ती म्हणाली. "आत्या आहे."

ती गाडीत बसली. दार लावलं. सवयीने बेल्टही लावला. यंत्रणेच्या नोंदींत आप्पांबरोबरचा शेवटचा फेरा शोधायला वेळ लागला नाही. सारंगी काढून टाकली, रस्त्याचा आणि चाकांचा भाग वगळला. डाव्या सीटचा तेवढा ठेवला.

आधी नुसतीच शांतता. मग खोकला. मग, तिच्या डोक्यामागच्या स्पीकरांतून, अगदी कानाशी, आप्पा.

"...केते, त्या पत्र्याच्या पेटीतलं तुझ्या आईचं इरकल लुगडं वाळवीनं खायच्या आधी काढून..."

तोच चढा सूर. तिला वाटलं होतं तसा तो क्षीण झालेला नव्हता. तिची छाती धडधडू लागली, खांदे कानांशी आले.

आणि आवाज कमी होऊ लागला.

प्रथम तिला वाटलं, आप्पाच हळू बोलतायत. मग शब्द विरत गेले, पाण्यात सोडलेल्या रंगासारखे, आणि शांतता परत आली. दाट, गुळगुळीत, तिने स्वतःच्या हातांनी घडवलेली. तालीम अजून चालूच होती. बेल्टच्या पट्टीला तिचे आवळलेले खांदे कळले होते आणि तिने शिकवलेलं काम यंत्राने इमानदारीने केलं होतं.

यंत्राला खांदे कळत होते. ते कशाने आवळले, ते कळत नव्हतं. त्या महिन्यांत तिचे खांदे रोजच आवळलेले असत. आप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत भीतीने, त्यांच्या प्रत्येक खोकल्याला काळजीने. मग यंत्राने भीतीलाच कंटाळा समजून बाप पुसला, असं म्हणावं का? तसं म्हणता आलं असतं, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण आप्पांची तीच ती गोष्ट पुन्हा सुरू झाली की आपण स्टिअरिंग कसं घट्ट धरायचो, हेही तिला आठवत होतं. किती भीती होती आणि किती कंटाळा, हे पट्टीने कधी वेगळं मोजलं नाही. तिने तरी कुठे मोजलं होतं?

तिने बेल्टचं बटण दाबलं. पट्टा सुळकन मागे गेला. बेल्ट सुटला की प्रतिलहर थांबत असे.

आवाज परतला. आप्पा बोलत होते. पेटीचं, लुगड्याचं, शेजारच्या बंद पडलेल्या मागाचं, पंचगंगेच्या पाण्याचं. मध्ये मध्ये थांबत होते. ते थांबत तेव्हा ती टिचक्यांची वाट बघे, पण टिचक्या त्यात नव्हत्या. पुसल्याच नव्हत्या, तर जपल्या कशा जाणार? त्या तिने तेव्हाच ऐकल्या होत्या.

काचेवर टकटक झाली. आत्या होती, डोळ्यांत औषध घातल्यामुळे डोळे बारीक करून उभी. केतकीने दार उघडलं नाही. दार उघडलं असतं तर यंत्रणा थांबली असती, आणि आप्पाही. तिने तळहात उंचावून आत्याला थांबायची खूण केली. लहानपणी केतकी कारखान्याच्या दारात उभी राहायची, तशी आत्या काचेला हात लावून उभी राहिली.

आत, डाव्या सीटवर कुणीही नसताना, आप्पा पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ. मग जवळ झुकून बोलल्यासारखे म्हणाले, "केते, पोचतंय का गं?"

केतकीने दोन बोटं डॅशबोर्डवर ठेवली.